खानापूर ते उद्यमबाग, बर्फाच्या पिशवीसकट : माझा पंपिंगचा अनुभव

बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परत जायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा दूध काढायचा कुठला पंप घेऊ असंच विचारतात. मला विचाराल तर पंप ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे, पैसे दिले की येतो. अवघड आहे ती ऑफिसात कडी लागणारी एक खोली आणि रोज ठरलेली वीस मिनिटं. हे दोन्ही जॉईन व्हायच्या आधी मिळवायचं, नंतर कोण देत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, राहते जवळच्या तालुक्याच्या गावी, खानापुरात. सकाळी आठला घर सोडते आणि संध्याकाळी बस कशी मिळेल तसं साडेसहा सात. रजा कायद्याप्रमाणे 26 आठवडे मिळाली, पण त्यातली थोडी डिलिव्हरीच्या आधीच गेली, म्हणजे जॉईन होताना मुलगी पाच महिन्यांची होऊन गेलेली. सहा महिने फक्त आईचं दूध असं डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं आणि तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासणीचं सरकारी कार्ड) बघताना आशा कार्यकर्तीनेही तेच सांगितलेलं, म्हणून मधले ते काही आठवडे तरी पंपावरच काढायचे असं ठरवलं.

रजेत असतानाच मी एचआरला अर्ज दिला. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सोशल सिक्युरिटी कोड आलाय) बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन वेळा बाळाला पाजायला ब्रेक द्यायचा असं कलम 11 मध्ये होतं, आणि 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर पण द्यावं लागतं, 2017 च्या दुरुस्तीत ते घातलं. आता आमच्याकडे कायमची माणसं तेवढी नाहीत, बाकी सगळी कॉन्ट्रॅक्टवर, त्यामुळं पाळणाघराचा विषय काढला की साहेब लगेच कायमच्या माणसांची यादी काढून मोजायला बसतात. तो विषय मी सोडून दिला. पाळणाघर असतं तरी एवढ्या लहान पोरीला खानापूरहून बसमधनं रोज कोण आणणार होतं? ब्रेक मात्र धरून ठेवला. कायद्यात पाजायला ब्रेक आहे, दूध काढायला असं कुठं लिहिलेलं नाही आणि खोलीचं तर नावच नाही, तेव्हा साहेब म्हणाले घरी जाऊन पाजून या की. वीसेक किलोमीटर! मग मी अर्जात सरळ वेळाच लिहून दिल्या, 11 आणि 3, आणि खाली लिहिलं की याऐवजी मला दुपारी घरी सोडणार असाल तर गाडीची व्यवस्था कळवावी. साहेब बरेच दिवस 'नोडोण, नोडोण' (कन्नडमध्ये 'बघूया') म्हणत राहिले. मी फोन करायचं बंद केलं आणि दर आठवड्याला तोच मेल परत पाठवायला लागले, मालकांना कॉपी टाकून. शेवटी एकदाचं 'ओके' असं एका शब्दाचं उत्तर आलं, त्याची पण मी प्रिंट काढून ठेवली, अकाउंट्सवाल्या बायकांना सवयच असते.

खोली म्हणजे डिस्पॅचच्या शेजारची रेकॉर्ड रूम. जुन्या व्हाउचरचे गठ्ठे, एक मोडकी खुर्ची, दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच. काचेला आतनं जुनी कॅलेंडरं चिकटवली, कडी सुताराकडनं बसवून घेतली. प्लग मात्र कपाटाच्या मागं, तिथं हातच पोचत नव्हता, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप घेतला तो बरा पडला. दोन्ही बाजूंचा एकदम चालणारा घ्या, पंधरा वीस मिनिटांत काम होतं, एकेरी घेतला तर अर्धा पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ कुणी देत नाही. आणि ते भोंग्यासारखं जे तोंड असतं त्याचा साईझ बघून घ्या. माझ्या बॉक्समध्ये 24 आणि 28 मिलिमीटरची आली होती, दोन्ही मला मोठी व्हायची, दुखायचं पण आणि दूध पण कमी यायचं. दवाखान्यातल्या सिस्टरने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं की लहान साईझ मागवा, ते आल्यावर दोन दिवसांत फरक. दुखतंय म्हणजे असंच असतं असं समजून सहन करत बसू नका.

पॅकिंगमधल्या एक अक्का आहेत, वीस बावीस वर्षं तिथंच. मी पहिल्या दिवशी पिशवी घेऊन आत गेले तर त्या दारापाशी स्टूल टाकून बसल्या. मी म्हटलं अक्का कडी आहे हो. म्हणाल्या, "कडी असूंदे मॅडम, ह्या पोरांना दार दिसलं की ढकलायची सवय हाय. आमच्या टायमाला असलं काय नव्हतं बघा, छातीत गाठी यायच्या, बाथरूमात जाऊन मोरीत पिळून टाकायचं आन् तोंड धुऊन परत पॅकिंगला उभारायचं." त्यानंतर मला ऑफिसात कोण हसतंय की काय बोलतंय याचं काही वाटेनासं झालं, खरंच.

आता फ्रीझर भरून ठेवायच्या फॅडबद्दल. रील्समध्ये बायका शंभर पिशव्यांचा साठा दाखवतात, ते बघून मी पण रजेत पहाटे उठून उठून जमवायला लागले. फ्रीझरमध्ये सहा महिने चांगलं राहतं हे बरोबर आहे, पण ते वीज असली तर. खानापुरात वळीव आला की लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, एका रात्री हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईन कुठं तरी झाड पडून तुटली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या पिशव्यांचं पाणी. पूर्ण वितळलेलं दूध परत गोठवायचं नसतं, फ्रीजमध्ये गार ठेवून 24 तासांत वापरायचं, जेवढं पोरीने घेतलं तेवढं घेतलं, बाकीचं तुळशीला नको म्हणून नारळाला घातलं. त्यानंतर मी साठा केलाच नाही. आज काढलेलं उद्या द्यायचं, बस. साध्या फ्रीजमध्ये चार दिवस राहतं, त्यामुळं सोमवारसाठी शनिवारचं चालतं. बाळापासून लांब असताना तासाला साधारण 30 ते 40 मिली असा हिशोब धरला तरी माझ्या दहा अकरा तासांना साडेतीनशे चारशे मिली पुरे व्हायचं, दोन वेळा ऑफिसात आणि एकदा पहाटे घरी काढलं की जमायचं. पहाटे जास्त येतं हे मात्र खरं.

ऑफिसचा फ्रीज सगळ्यांचा, दह्याच्या डब्यांच्या मागं माझा स्टीलचा डबा. येताना आईसपॅक घातलेली जाड पिशवी, त्यात दिवसभर काही होत नाही. नुसतं बाहेर ठेवायचं तर 25 डिग्रीपर्यंत चार तास धरतात, पण एप्रिल मेमध्ये आमच्या बसमध्ये 25 कुठली, त्यामुळं त्याच्या नादी लागू नका. बसला पैसे नाहीत, कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं झिरो तिकीट आहे जून 2023 पासून, पण म्हणूनच गर्दी अशी की पिशवी पोटाशी धरून उभं राहायचं. कुणाचं बाळ रडलं की आपलं दूध सुटतं, त्यासाठी ओढणी गडद रंगाचीच घ्यायची.

घरची लढाई वेगळी. सासूबाईंनी पहिल्यांदा फ्रीजमधली बाटली बघितली तर वर पिवळट थर आणि खाली पाण्यासारखं, त्या म्हणाल्या "नासलंय गं हे." नासलेलं नसतं, साय वर येते, हळू फिरवलं की एक होतं. मग म्हणाल्या निदान एक उकळी तर काढूया, गाईचं तरी तापवतोच की. उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही, गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. हे त्यांना माझ्यापेक्षा आशा कार्यकर्तीने सांगितल्यावर पटलं. उन्हातनं आलीयास, पहिलं दूध काढून टाक मग पाज, हे पण होतंच, आईचं दूध उन्हाने तापत नाही हे सांगून सांगून थकले, शेवटी हातपाय धुऊन थोडा वेळ पंख्याखाली बसायचं यावर तडजोड झाली, मला पण तेवढीच विश्रांती. वाटी चमच्याने पाजायचं मात्र त्यांनीच जमवलं, मांडीवर उभी धरून, चमचा खालच्या ओठाला टेकवून थांबायचं, पोरगी स्वतः ओढून घेते, घशात ओतायचं नाही. सुरुवातीला ती दिवसा जेमतेम घ्यायची आणि रात्रभर मला उठवायची, दोन आठवडे मी ऑफिसात पेंगतच होते. मग वरचं अन्न सुरू झालं, नाचणीचं सत्त्व, मऊ भात, आणि आपोआप बसलं सगळं.

स्टॉक ऑडिट चालू असताना दुपारचा ब्रेक सलग चुकला, ऑडिटर उठू देईनात, आणि डाव्या बाजूला गाठ, संध्याकाळी थंडी वाजून ताप. आईने सांगितलं गरम शेक दे आणि जोरात चोळ. डॉक्टरांनी उलटं सांगितलं, चोळायचं नाही, थंड शेक, पाजणं बंद करायचं नाही, आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी 3 वाजले की कॅल्क्युलेटर बंद करून उठायला लागले, ऑडिटर असो नाहीतर मालक.

वर्षाची झाल्यावर आधी 11 चा ब्रेक सोडला, मग 3 चा, हळूहळू, म्हणजे गाठी येत नाहीत. सकाळ संध्याकाळ अजून पिते. पर्चेसमधली एक मुलगी आता सातव्या महिन्यात आहे, तिने माझा पंप मागितला. आईसपॅकची पिशवी आणि अर्जाची कॉपी दिली, पंप नाही दिला, तो ज्याचा त्यानेच वापरायचा असतो. तिचा अर्ज गेलाय, साहेबांचं 'नोडोण' चालू आहे, तिला म्हटलं दर सोमवारी मेल टाक आणि मालकांना कॉपी ठेव.