कॅरिअरवरची निरगाठ

२१ वर्षं झाली, माझ्या गाडीच्या टपावरून कुणाची पिशवीसुद्धा रस्त्यावर पडलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण खाली जे लिहिलंय त्यात मला सामान पाडायचेच पैसे मिळाले होते.

मी नाशिकचा. टुरिस्ट गाडी चालवतो. शिर्डी, शिंगणापूर, त्र्यंबक, वणीचा गड, वर्षातून दोन-तीनदा कोकण. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरायचे, वर ड्रायव्हर भत्ता, टोल-पार्किंग गिऱ्हाइकाचं. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की निघायच्या आधीच आम्ही घर वाचून मोकळे झालेलो असतो. उलटी कोण करणार? जो नारळ फोडताना सहज विचारतो, 'घाट किती मोठा आहे हो?', तो. त्याला गोड बोलून पुढच्या सीटवर घ्यायचं. मागे बसू दिला तर नांदुरीच्या घाटात आपणच बादली शोधत फिरतो. आणि 'गणपती बाप्पा मोरया' म्हणून निघालेली गाडी द्वारका ओलांडायच्या आत एकदा तरी परत फिरते. गॅस, चार्जर नाहीतर आजोबांची कवळी. मी आता पहिला अर्धा तास धरतच नाही.

गेल्या डिसेंबरात एका ओळखीच्याचा फोन आला. सिनेमाचं शूटिंग आहे, घाटात गाडी चालवणारा माणूस पाहिजे, दोन दिवस. विनोदी सिनेमा. एक मोठं कुटुंब जुन्या सुमोत कोंबून लग्नाला निघतं, रस्ता चुकतं, भांडतं, सामान सांडतं, असली गोष्ट. हिरोला गाडी येते, पण शहरातली. घाटात, वळणावर, मागेपुढे कॅमेऱ्याच्या गाड्या असताना कुणी त्याच्या हातात स्टेअरिंग देईना. म्हणून त्याचा चौकड्याचा शर्ट, त्याची टोपी आणि त्याची मिशी माझ्या अंगावर. मिशी डिंकाने चिकटवतात, आणि दिवसभर नाकाशी कसलातरी वास येत राहतो.

पहिल्या दिवशी सकाळी ती सुमो बघितली आणि डोकंच फिरलं. पिस्त्याच्या रंगाची, बाहेरून नवरीसारखी नटवलेली, आणि ब्रेकचं पेडल अर्ध्यापर्यंत खाली जातंय. रंगाला चार दिवस दिले असतील, ब्रेककडे कुणी बघितलेलं नाही. म्हटलं, मी हात लावणार नाही. मग तासभर काम थांबलं, ऑइल टाकलं, एक पोरगं पेडलवर बसवलं आणि चारही चाकांची एअर काढली. प्रॉडक्शनचा माणूस दर पाच मिनिटांनी येऊन 'दादा, झालं का?' विचारत होता. गाडीत माणसं बसणार होती, त्याला लाइटची घाई. त्याचं काम ते असेल. माझं हे.

दिग्दर्शक मुलगा चांगला होता, तिशीतला. नाशिक म्हणजे फाळक्यांचं गाव, म्हणून मुहूर्त इथेच करायचा असा त्याचा हट्ट. ते खरंच आहे म्हणा. जन्म त्र्यंबकचा, १८७० चा. १९१३ ला पहिला सिनेमा काढल्यावर ते नाशकात आले आणि पुढचे बहुतेक सिनेमे इथेच केले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, मी आठवड्यातून चारदा त्याच्यासमोरून जातो. एवढ्या वर्षांत तिथे गाडी थांबवा म्हणणारं गिऱ्हाईक बोटावर मोजण्याइतकं.

त्याच्या लेखकाने मला आदल्या रात्री विचारलं होतं, खरी कुटुंबं प्रवासात कशी भांडतात? मी गणपतीपुळ्याच्या ट्रिपची गोष्ट सांगितली. नवरा पुढे, बायको मागे, आणि जाऊन-येऊन तीन दिवस दोघं फक्त माझ्यामार्फत बोलले. 'दादा, साहेबांना सांगा काच वर करा.' साहेब दोन फुटांवर. 'दादा, मॅडमना सांगा मला गरम होतंय.' मी दोन्हीकडचे निरोप पोचवायचो, काच अर्धी ठेवायचो. लेखक पोट धरून हसला, वहीत लिहून घेतलं आणि सकाळी म्हणाला, 'हे नाही चालणार, लोकांना खोटं वाटेल.' सिनेमातलं कुटुंब मात्र दोन्ही दिवस ओरडत होतं. सगळे एकदम, मोठमोठ्याने. माझ्या गाडीत खरं भांडण होतं तेव्हा आवाज बंद होतो, फक्त पिशवीची चेन जोरात लावल्याचं ऐकू येतं. पण मला कोण विचारतो.

तर दुसरा दिवस. पहिन्याचा रस्ता, त्र्यंबकहून घोटीकडे जाणारा. पावसाळ्यात तिथे माणसांमुळे डोंगर दिसत नाही, डिसेंबरात सगळं पिवळं गवत आणि शांतता. सीन असा: वळणावर सुमो येते, टपावरची दोरी सुटते, सगळं सामान रस्त्यावर. पत्र्याच्या दोन ट्रंका, चार सुटकेसा, वळकटी, बादली आणि प्रेशर कुकर. ट्रंका खऱ्या; सुटकेसांत थर्माकोल.

बांधायचं काम आर्टवाल्या पोराकडे होतं. त्याने बांधलं ते बघून मला राहवेना. नायलॉनची दोरी, त्यावर ताडपत्री नुसती अंथरलेली, गाठीवर गाठ. याने सामान हवं तेव्हा पडत नाही, नको तेव्हा पडतं. मी म्हटलं, सरक.

सामान बांधायला मला मामाने शिकवलं. तो लासलगावहून निघणाऱ्या कांद्याच्या ट्रकवर क्लीनर होता. जड तळाला आणि मध्ये, हलकं कडेला. ताडपत्रीची पुढची कड सामानाच्या खाली दाबायची, नाहीतर वारा आत शिरतो आणि तिचा फुगा होतो. दोरी पुढून मागे, मग आडवी. मध्ये एक फास टाकायचा, टोक त्यातून ओवून पाय देऊन खाली ओढायचं. एका माणसाच्या हाताला दोघांचं बळ येतं. मग निरगाठ. दर ५० किलोमीटरला उतरून बोटाने दोरी वाजवून बघायची. सैल दोरीचा आवाज वेगळा येतो.

आता इथे उलटं करायचं होतं. सगळं तसंच बांधलं, शेवटी निरगाठीऐवजी सुरगाठ घातली आणि तिचं मोकळं टोक मागच्या खिडकीतून आत सोडलं. आत आर्टवाला पोरगा. वॉकीवर 'आता' ऐकलं की त्याने ओढायचं. गाडीत बाकी कलाकार नव्हतेच. हिरॉइनच्या जागी एक असिस्टंट ओढणी घेऊन, आणि आजीच्या जागी डोक्यावरून शाल घेतलेला स्पॉटबॉय. दाढीवाला.

पहिल्या टेकला टोक हातात तुटून आलं. दुसऱ्याला दोरी सुटली, पण ताडपत्रीने सगळं धरून ठेवलं. तिसऱ्याला सामान वळणाच्या अलीकडेच उतरलं. प्रत्येक वेळी सगळं गोळा करायचं, आणि एक मुलगी मोबाइलवरचा फोटो बघून सांगायची, 'बादली डावीकडे, कुकरचा दांडा मागे.' दिवसभरात गाडी त्याच ४०० मीटरमध्ये फिरली. चौथ्याला सुटलं. काय सुटलं! ट्रंक आपटून उघडली, साड्या रस्ताभर, सुटकेसा वाऱ्यावर गवतात, आणि कुकर उतारावरून एकटाच निघाला तो थांबेचना. सगळं युनिट टाळ्या वाजवत होतं. मी आरशात बघत होतो आणि पोटात कालवत होतं. खोटं आहे हे माहीत असून.

तेवढ्यात खालच्या वळणावरून एक पांढरी इको आली. रस्ता अडवायला दोन्हीकडे पोरं उभी केलेली असतात, 'दोनच मिनिटं' म्हणून वीस मिनिटं लोकांना थांबवतात, शिव्या खातात. खालचा पोरगा चहाला गेला होता. इको कुकरजवळ थांबली. मागचं दार सरकलं आणि एक म्हातारी उतरली, सत्तरीच्या पुढची, नऊवारीतली. मागून सून, दोन पोरं. कुणी काही विचारलं नाही. थेट साड्या उचलायला लागले. पोरं कुकर घेऊन पळत आली. म्हातारीने एकेक साडी झटकली, रस्त्यातच घडी घातली, ट्रंकेत ठेवली. कॅमेरा गवतात होता. तो बंद करायला कुणी सांगितलं नाही.

मी उतरलो. शर्ट, टोपी, मिशी. म्हणजे घरचा कर्ता पुरुष मीच.

'आरं बाबा,' ती म्हणाली, 'लेकरंबाळं घिऊन निघाला आन् सामान असं बांधतोस व्हय? मागं गाडी आसती म्हंजी?'

माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. २१ वर्षं, मावशी. पिशवीसुद्धा नाही. हे म्हणायला तोंड उघडलं आणि मिशी एका बाजूने सुटली.

मग ती आतल्या आजीला धीर द्यायला खिडकीशी गेली. शालीतून स्पॉटबॉयने तिला नमस्कार केला. तिच्या मुलाच्या तोवर लक्षात आलं होतं, तो हसायला लागला. सून हसली, पोरं कॅमेऱ्याकडे धावली. म्हातारीने एक सुटकेस उचलली, तिचं वजन हाताला लागलं नाही म्हणून उघडली, आत पांढरा थर्माकोल. माझ्याकडे बघितलं. हसली नाही. 'शिनिमा हाय व्हय,' एवढंच म्हणाली.

प्रॉडक्शनचा माणूस कागद घेऊन मुलाकडे पळाला, सही झाली, सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली. म्हातारीला कुणी विचारलं का, ते मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

दिग्दर्शकाला अजून एक टेक हवा होता, मागच्या गाडीतून. सूर्य डोंगरामागे चालला होता. 'दादा, पटकन बांधा.' मी टपावर चढलो. ती रस्त्याच्या कडेला चहाचा कप धरून उभी. इकोत बसत नव्हती. मुलगा हाक मारत होता, तरी नाही. मी ताडपत्रीची कड दाबली, दोरी टाकली, फास घेतला, पाय देऊन ओढली. मान वर केली तर ती माझ्या हातांकडेच बघत होती. शेवटची गाठ मारली, टोक खिडकीत सोडलं, उतरलो. 'आता कसं,' ती म्हणाली आणि गाडीत बसली. त्यांना त्र्यंबकला काळोख पडायच्या आत पोचायचं होतं.

पाचवा टेक. वळण आलं, वॉकीवर 'आता', 'आता', 'अरे आता!' टपावरचं काही हललं नाही. पुढे नेऊन गाडी उभी केली तेव्हा दोरी वाजवून बघितली. टणक. लाइट गेला होता. दिग्दर्शक थोडा ओरडला, मग म्हणाला जाऊ दे, चौथा आहे आपल्याकडे, आणि त्यात म्हातारीपण आहे, सोनं आहे ते.

सिनेमा अजून आलेला नाही. बायको म्हणते, बरं आहे, मिशीत तुम्हाला कुणी ओळखणार नाही. म्हातारीच्या तोंडावर मिशी नव्हती.

रात्री सामान उतरवताना तो आर्टवाला पोरगा जवळ आला. हाताला दोरीचा वळ उठलेला. 'काका,' म्हणाला, 'मी दोनदा ओढलं. जोर लावून. सुरगाठच होती ना ती?'

'ओल धरली असेल,' मी म्हटलं.

डिसेंबरात, त्या वाळलेल्या गवतात. तो काही बोलला नाही. गाठ नखाने सुटेना, शेवटी त्याने चाकू आणला.