गोलाला फुटलेले पाय

बालवर्गात शिकवते म्हटल्यावर आया हमखास मुलांची चित्रं दाखवायला आणतात. प्रश्न ठरलेला: या माणसाला पोट का नाही? एक मोठा गोल, त्यात डोळे आणि गोलालाच फुटलेले दोन लांब पाय. तीन-चार वर्षांची बरीच मुलं माणूस असाच काढतात. अभ्यासक त्याला बेडूकमाशाची उपमा देतात. मुलाला 'याचं पोट दाखव' म्हणून बघा. कुणी गोलातच बोट ठेवतं, कुणी दोन पायांमधल्या मोकळ्या जागेत. पोट आहे हो, त्याच्यासाठी वेगळी रेघ नाही, इतकंच!

फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी स्वतःच्या मुलीच्या चित्रांवर १९१३ साली अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की लहान मूल समोर दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. १९७२ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. मुलांसमोर कप ठेवला, त्याचा कान मुद्दाम पलीकडे वळवून, आणि अलीकडच्या बाजूला एक फूल रंगवलेलं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोरचं फूल चक्क गाळलं. कान नसेल तर तो कप कसला?

चित्रातले अवयव मोजून मुलाच्या बुद्धीला गुण देण्याची चाचणी फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये आणली. मला त्या मोजणीचा जाच वाटतो. सात हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्यांचा २०१४ सालचा एक अभ्यास आहे: चौथ्या वर्षीची चित्रं आणि चौदाव्या वर्षीची बुद्धी यांचा संबंध सापडला, पण अगदी क्षीण. तेव्हा बोटं सहा आली म्हणून धसका घेऊ नका. मूल काळाच रंग वापरतं म्हणून काळजी करणाऱ्यांनाही हेच सांगते. आमच्याकडे काळा खडू सगळ्यात आधी संपतो, कारण तो कागदावर ठसठशीत उठतो. पिवळा दिसतच नाही.

मी चित्रापेक्षा ते काढताना जास्त बघते. खडू मुठीत आहे की बोटांत? रेघ फिरून जिथून निघाली तिथेच येऊन थांबते का? (रेघोट्यांतून पहिला बंद गोल निघतो ना, तेव्हा मला फार आनंद होतो.) तोंडाने काय चाललंय? ते मी कागदामागे तारखेसकट लिहून ठेवते. सकाळी जो हत्ती असतो तो डबा खाऊन झाल्यावर आजी होतो. मग खाली तेही लिहिते.