ओळंब्यातली भिंत

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतर दोनेक वर्षं घराचं काम घेऊन माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं असायचं, "साहेब, वर एक खोली काढून द्या."

या काकांचंही तेच. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं, आजोबांच्या वेळचं घर. मुलाचं लग्न ठरलेलं. आजींचे गुडघे गेलेले, त्यामुळे परसातला संडास घरात आणायचा होता. काकांचं म्हणणं, कौलं उतरवून स्लॅब टाकू आणि त्यावर खोली बांधू. मुलाचं म्हणणं, मागची पडवी दहा फूट पुढे ओढू, स्वस्तात होईल.

मुलाचा बेत टेपनेच मोडला. कौलांचा उतार दोन फुटांना एक फूट, म्हणजे दहा फूट पुढे गेल्यावर छप्पर पाच फूट खाली येणार. पागोळीखाली उंची होती साडेसात फूट. "नवरीला रांगत जावं लागेल," मी म्हटलं. त्याने स्वतः मोजून बघितलं आणि गप्प बसला. उलट्या उताराचं वेगळं छप्पर केलं तर दोन छपरांच्या बेचक्यात पन्हळ येते, आणि आमच्याकडच्या पावसात अशी पन्हळ म्हणजे दर आषाढात घरात बादल्या. त्यात पूररेषा. निळी रेषा मोठ्या पुराची, लाल त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची, आणि हे घर दोन्हींच्या मधे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात नव्या बांधकामाचं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर लागतं. हिशेब केला तर नवी खोली जुन्या घराच्या जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर सुरू होत होती.

काकांच्या स्लॅबला माझा विरोध वजनासाठी होता. पाच इंची स्लॅबच चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातो, त्यावर फरशी, भिंती, माणसं वेगळीच. कौलं, रिपा, वासे सगळं धरून शंभराच्या आत. मातीत चिणलेल्या चिऱ्यांवर एवढा बोजा एकदम चढवायचा नसतो.

मी मधला मार्ग काढून आणला होता, आणि खरं सांगायचं तर त्या नकाशावर खूश होतो. फक्त मागच्या भागावर हलकी खोली, अर्धा भार नव्या कॉलमवर आणि अर्धा मागच्या भिंतीवर. ती भिंत घरातली सगळ्यात चांगली. बाकीच्या भिंती ओळंब्यातून, म्हणजे सरळ उभ्या रेषेतून, इंच-दीड इंच सुटलेल्या, ही मात्र दोरीला चिकटून उभी.

पाया बघायला दोन खड्डे घ्यायचे होते. गवंड्याने पहिला पुढच्या कोपऱ्यात घेतला. तीन फुटांपर्यंत काळा दगड, भरपूर रुंद. मग तो पहार घेऊन मागे वळला, तर दारात बसलेल्या आजी म्हणाल्या, "तिथे कशाला खणतोस रे? तिथे काय मिळायचं नाय."

"का हो आजी?"

"ती पडवी होती, कुडाची. कोयनेचा धक्का बसला ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ह्यांनी कुड काढून चिरा लावला. पाया भरायला पैसे कुठे होते?"

कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७चा. म्हणजे भिंत १९६८ची. सरळ होती, कारण ती घरातली सगळ्यात तरुण भिंत होती. गवंड्याने तरी खणलं. वीतभर खाली एक आडवा चिरा लागला आणि त्याखाली नुसती चोपलेली लाल माती. त्याने पहार टेकवून माझ्याकडे बघितलं. मी नकाशाची गुंडाळी केली.

तीन वेळा त्या घरी जाऊन आलो होतो. काकांशी बोललो, मुलाशी बोललो. आजींनी प्रत्येक वेळी चहा पाठवला होता.

मग नव्याने मांडणी केली. संडासासाठी काही वाढवायची गरजच नव्हती, आतली कोठीची खोली पुरेशी होती. मुलाची खोली परसात, चार कॉलमवर, खाली मोकळं आणि वर राहणं, जुन्या घराला कुठेही न टेकणारी. कॉलम त्या भिंतीपासून चार फूट लांब घेतले, नाहीतर कॉलमच्या पायासाठी घेतलेल्या खड्ड्यातच ती भिंत आली असती. नव्या खोलीचा स्लॅब जुन्या घराच्या पागोळीच्या वरून थोडा बाहेर काढला. खर्च काकांच्या अंदाजापेक्षा वाढला. दोन घरं झाल्यासारखं दिसतं, असं ते अजूनही म्हणतात, आणि दिसतं ते तसंच.

खालच्या मोकळ्या जागेत आजींनी लाकडं रचली. पुरात ती तरंगून कॉलमवर आपटतील, म्हणून काढायला सांगितली. त्यांनी मान डोलावली. गेल्या खेपेला गेलो तेव्हा लाकडं तिथेच होती, शेजारी नारळाच्या सोडणांचा ढीगही आला होता.