ट्यूब

रविवार, रात्री

आज बोरीच्या पुलाखाली भाईंच्या हातात तो मासे गळाला लावायचा रॉड पाहिला. रॉड माझाच, म्हणजे मी बांधलेला. मूठ मात्र ओळखू येईना. माझ्या काळ्या फोमवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तिरकी, ओढून ओढून गुंडाळलेली, आणि टोकाला सुतळीची गाठ. सुतळी!

मी काही बोललो नाही. भरती नुकतीच लागली होती, पाणी गढूळ. "चोणक लागला काय?" असं काहीतरी विचारलं. "खंय रे," ते म्हणाले. मग पाऊस आला आणि तेवढं निमित्त पुरलं.

तीन संध्याकाळ गेल्या होत्या त्या मुठीवर. लोकांना वाटतं फोम म्हणजे काय, घासला की झालं. घरातही "चपलेचा तुकडा" म्हणतात त्याला, आणि ते खोटंही नाही, चपलेच्या तळव्यातला ईव्हीए तो हाच. पण हा तुकडा ड्रिलला लावून फिरवायला घ्या एकदा. वेग जरा वाढला की तापतो, तापला की पॉलिशपेपरला चिकटतो आणि कड लोंबते. हात जड पडला की मध्येच खळगा. शिवाय भोक रॉडच्या नळीपेक्षा बारीक ठेवायचं, म्हणजे मूठ घट्ट बसते. पण ओढून बसवली की तीच मूठ बाहेरून फुगते. म्हणून नळीच्याच जाडीच्या सळईवर चढवून मग आकार द्यायचा. हे मला तीन मुठी वाया घालवल्यावर कळलं. भाईंची ती चौथी.

८० नंबरच्या पॉलिशपेपरने आकार काढला. मग १२०, २२०, आणि शेवटी ४०० ओला करून. मागच्या बाजूला करंगळीसाठी हलका उतार ठेवला, कारण भाईंची करंगळी वाकडी आहे ते मला ठाऊक. मध्ये लाल फोमची एक चकती, तीन मिलिमीटरची, चिकटवलेला जोड नखालाही लागू नये इतका सपाट केलेला. काळी भुकटी अंगाला अशी चिकटते की दोन आंघोळींत जात नाही. नाकाला फडकं बांधूनही दुसऱ्या दिवशी रुमाल काळा. कॉर्कची करायची होती खरं तर. पण कॉर्क पोर्तुगालचा, परवडत नाही. ४५१ वर्षं पोर्तुगीज इथे गोव्यात होते, पण कॉर्क आला तो बाटल्यांच्या तोंडात बसून.

ट्यूब गुंडाळली याचं नाही वाईट वाटत. सांगितलं असतं तर मीच गुंडाळून दिली असती. पैशांचंही नाही. भाईंकडून मी घेणार नव्हतोच, आणि त्यांनी काढलेही नाहीत, तो विषय वेगळा. पण एक शब्द? वाटेत भेटतात, देवळात भेटतात. परवा तर आमच्या पडवीत बसून चहा घेतला, तेव्हाही रॉडचं नाव नाही. मीच विचारलं होतं, "रॉड कसा काय भाई?" तर म्हणाले, "बरो आसा." बरो आसा! आणि खाली ट्यूब.

मस्कतहून दादाचा फोन येऊन गेला. उचलला नाही. पुन्हा तेच, हा धंदा कसला वगैरे. ते असो.

रात्री शेवटे, म्हणजे नदीतले मासे, साफ करायला माझ्याच वाट्याला आले. आषाढ संपत आला. श्रावण लागला की मासळी बंद, म्हणून सध्या रोज आहे, आणि ट्रॉलरबंदी ३१ जुलैपर्यंत असल्याने जे काय ते नदीतलंच. दोन शेवटे झाले, हात बुळबुळीत, खवल्यांनी भरलेले. तसाच उठलो आणि पडवीत जाऊन टेबलावरची नवी मूठ पकडली, ४०० मारलेली, आरशासारखी.

साबणाची वडी जशी हातातून पळते तशी फिरली. पुन्हा धरली, पुन्हा फिरली. आतून हाक आली, मासे तसेच टाकून कुठे गेलात. शेजारी एक टाकलेला तुकडा होता, १२० वरच सोडलेला, जोड नीट बसला नाही म्हणून. तो हातात घेतला. राहिला. बोट सरकेना.

म्हणजे मी तीन संध्याकाळ घासून घासून जे काढून टाकलं, तेच भाईंना हवं होतं. आणि त्यांनी ते सायकलच्या ट्यूबमधून परत आणलं. हसू आलं, पण पुरतं नाही. सांगायला काय झालं होतं, हे मात्र अजून आहेच.

आता एक आठवतंय. ट्यूब मुठीच्या दोन्ही टोकांना होती, मध्ये लाल चकती तेवढी उघडी. मुद्दाम सोडली की पट्टी कमी पडली, कुणास ठाऊक. पट्टी कमी पडली असणार.

सोमवार

सकाळी सायकलवाल्याकडे गेलो. जुनी ट्यूब आहे का विचारलं. त्याने मान वर न करता विचारलं, "रॉडाक न्हय?"

मी म्हटलं, तुला कसं कळलं.

"भाई न्हेलां न्हय, मेंत."

मे महिन्यात. रॉड मी दिला तोच मुळी मे महिन्यात.

ट्यूबचे पैसे घेतले नाहीत त्याने. दोन पंक्चर आहेत, म्हणाला, तेवढी बघून काप.