नाशकात सँडरसन शोधताना: दुसरा खंड समोर, पहिल्याचा पत्ता नाही

अमेरिकन फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनची पुस्तकं नाशकात मिळतात, पण फोनवर "हो, आहे" एवढं ऐकून घरातून निघू नका. नेमका कुठला खंड आहे हे विचारलं नाही तर फेरी हमखास फुकट जाते.

घोळ असा आहे. स्टॉर्मलाइट मालिकेतलं पहिलं पुस्तक, 'द वे ऑफ किंग्ज' (२०१०), हजारावर पानांचं. आपल्याकडे दुकानात दिसते ती बहुतेक गोलान्झ या प्रकाशकाची ब्रिटिश पेपरबॅक, आणि गोलान्झने ते दोन खंडांत फोडलंय: पार्ट वन, पार्ट टू. 'वर्ड्स ऑफ रेडिअन्स' (२०१४), 'ओथब्रिंगर' (२०१७), 'ऱ्हिदम ऑफ वॉर' (२०२०) यांचंही तेच. या कादंबऱ्या चार, खंड आठ, आणि प्रत्येक खंडाची किंमत वेगळी. बजेट ठरवताना हा हिशेब आधी करा.

पहिला खंड खपतो, दुसरा मागे पडून राहतो. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात हाच पार्ट टू "मालिकेतलं दुसरं पुस्तक" म्हणून ठामपणे गळ्यात मारला जात होता. ते दुसरं पुस्तक नाही, पहिल्याचाच उरलेला अर्धा भाग आहे! चिडण्यासारखीच गोष्ट आहे ही, कारण नवा वाचक ते उघडतो, त्याला काही कळत नाही आणि तो लेखकालाच कायमचा सोडून देतो. मुखपृष्ठावर भरवसा ठेवू नका, आत बघा. सुरुवातीला प्रिल्यूड, प्रोलॉग आणि मग प्रकरण १ असेल तरच तो पहिला खंड. अमेरिकेतल्या टॉर प्रकाशनाची आवृत्ती मात्र सलग असते. ती घरी असेल तर पार्ट टूला हात लावायचं कारण नाही.

मागवून घेणार असाल तर नावाने मागवू नका. प्रत्येक खंडाचा १३ आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, वेगळा असतो. तो मोबाइलमध्ये ठेवा, पावतीवर लिहून घ्या, आणि चुकीचा खंड आला तर बदलून देणार का हे अ‍ॅडव्हान्स देण्यापूर्वी विचारा. दुकानदार नंबर लिहायला कंटाळत असेल तर दुसरीकडे जा.

सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरून एमजी रोड, मेन रोड, शालिमार हा भाग पायीच करा. गाडी नेलीत तर निम्मा वेळ पार्किंगला जागा शोधण्यात जाईल. इंग्रजी फँटसीसाठी या पट्ट्याकडून फार अपेक्षा नको. पाठ्यपुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांचं राज्य आहे. जूनमध्ये तर जाऊच नका, शाळेच्या याद्यांपुढे तुमच्याकडे बघायला कुणी मोकळं नसतं. तिथून रिक्षाने कॉलेज रोड आणि गंगापूर रोड. तिथलं फिरणं सोपं.

रस्त्यावरच्या गठ्ठ्यांत पायरेटेड प्रती असतात. आयएसबीएन तिथे उपयोगाचा नाही, तोही जसाच्या तसा छापलेला असतो. नकाशे आणि शल्लान या पात्राच्या वहीतली रेखाटनं उघडून बघा: खऱ्या प्रतीत बारीक रेषा सुट्या दिसतात, पायरेटेडमध्ये काळा गिचका. मग पानांचे आकडे भरभर चाळा, कारण एखादा फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा संच) गायब किंवा दोनदा बांधलेला निघतो. एवढ्या जाड पुस्तकाचा हलका गोंद पहिल्याच वाचनात कणा सोडतो. स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

किमतीचं स्टिकर एकावर एक चिकटवलेलं दिसलं तर खालची किंमत विचारा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात लावला असेल तर पैसे देण्याआधीच काढायला लावा.

कपाटांचा घोळही आहे. 'स्टीलहार्ट' आणि 'स्कायवर्ड' मुलांच्या, किशोरांच्या विभागात शोधा. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेल्यावर त्याच्या 'द व्हील ऑफ टाइम' मालिकेचे शेवटचे तीन भाग सँडरसनने पूर्ण केले. ते जॉर्डनच्या नावाखाली असतात. 'द अ‍ॅलॉय ऑफ लॉ' (२०११) सँडरसनच्याच मिस्टबॉर्न मालिकेच्या पहिल्या त्रयीशेजारी ठेवलेलं दिसेल, पण त्याची कथा सुमारे तीनशे वर्षांनंतरची आहे. त्याने सुरुवात करू नका. आधी त्या त्रयीतलं पहिलं, 'द फायनल एम्पायर' (२००६), मिळवा.

पार्ट वन कुठेच नसेल आणि हात हलवत परतायचं नसेल, तर 'वॉरब्रेकर' (२००९) किंवा 'एलान्ट्रिस' (२००५) घ्या. दोन्हींची कथा एकाच खंडात पूर्ण होते. दोन्ही समोर असतील तर आधी 'वॉरब्रेकर'.