सगळंच अर्जंट असेल तर आधी काय करायचं?

आज परत तेच. सकाळी मॅनेजर म्हणाले रिपोर्ट आधी, दुपारी विचारलं प्रेझेंटेशन का नाही झालं, संध्याकाळी तिसरंच काहीतरी काढलं आणि प्रत्येक वेळी शब्द एकच, अर्जंट! काम कितीही द्या हो, पण आधी कुठलं ते तरी सांगा ना, माणूस दमतो तो हे अंदाज बांधण्यातच. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ सालीच मांडलं होतं की आपल्याकडून नक्की काय अपेक्षा आहे हेच स्पष्ट नसलं की ताण वाढतो आणि कामातलं समाधान कमी होतं.

मी आता सकाळीच मेल टाकते, आज ही कामं या क्रमाने करतेय, बदल असेल तर अकरापर्यंत कळवा. मधेच नवीन काम आलं की नाही म्हणत नाही, सरळ विचारते, हे घेते पण मग यातलं कुठलं उद्यावर ढकलू? बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं, कारण तोवर त्यांनीही तेवढा विचार केलेला नसतो. आणि तोंडी ठरलं तरी दोन ओळी लिहून पाठवायच्याच.

टीममधली नवीन मुलं उगाच स्वतःला दोष देत बसतात, फार वाईट वाटतं बघून. उद्या त्यांना हा मेलचा फॉरमॅट देणार आहे.