दिवसभर मास्क कसा सहन करता? तुम्ही विचारलंत म्हणून

मी दंतवैद्य आहे. दिवसाचे आठ-नऊ तास माझ्या तोंडावर मास्क असतो. त्यामुळे खुर्चीवरून उठताना रुग्ण मला एक प्रश्न हमखास विचारतात: "डॉक्टर, तुम्ही दिवसभर हा मास्क सहन कसा करता? आम्हाला तर अर्ध्या तासात गुदमरल्यासारखं होतं." कोणाला धुळीच्या कामासाठी तो लावावा लागतो, कोणाच्या घरी प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असतो, तर कोणी सर्दी-खोकल्याच्या दिवसांत इतरांची काळजी म्हणून तो लावतो. "सवय झाली आहे" असे उत्तर मी बरीच वर्षे देत आले, परंतु ते उत्तर खरे नव्हते. कानामागे रुतणाऱ्या इलॅस्टिकची किंवा धुरकट चष्म्याची सवय कोणालाच होत नाही. मी मास्क सहन करत नाही, तो नीट बसवते आणि ओला झाला की बदलते. बहुतेक त्रासांचे मूळ या दोन गोष्टींतच सापडते.

हे मला शिकवले ते माझ्या एका शिक्षकांनी. विद्यार्थिदशेत पहिल्यांदा रुग्ण तपासू लागले, तेव्हा सरांची पाठ वळली की मी मास्क नाकाखाली ओढत असे. एकदा त्यांनी ते पाहिले. रागावण्याऐवजी त्यांनी मला मास्क पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाले, "तार चिमटीत दाबू नकोस, दोन्ही हातांनी पसरव." मास्कच्या वरच्या कडेत जी तार असते, ती बहुतेक जण एका हाताच्या चिमटीने नाकावर दाबतात. असे केले की तारेला मधोमध टोक येते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तंबूसारखी फट राहते. त्याऐवजी दोन्ही हातांची बोटे नाकाच्या दांडीवर ठेवून तार तिथून गालांपर्यंत बसवत न्यावी, म्हणजे ती नाकाचा आकार घेते. मास्कच्या घड्या खाली हनुवटीपर्यंत पूर्ण उलगडल्या नाहीत, तर बोलताना जबडा मास्कला खाली ओढतो आणि वर नीट बसवलेली तार पुन्हा सरकते. म्हणून घड्या आधी उलगडाव्यात आणि तार नंतर बसवावी.

चष्म्यावर वाफ धरते तीही याच फटीमुळे. उच्छ्वासाची हवा शरीराइतकी नसली तरी बरीच उष्ण असते आणि तिच्यात बाष्प ठासून भरलेले असते. ती वरच्या फटीतून निसटून थंड काचेवर आदळली की बाष्पाचे बारीक थेंब होतात, आणि हे असंख्य थेंब प्रकाश विखुरतात म्हणून आपल्याला धुके दिसते. फट बुजवणे हा पहिला उपाय झाला. त्यानंतर चष्मा मास्कच्या वरच्या कडेवर टेकवावा, म्हणजे ती कड दबून राहते. एवढ्यानेही भागले नाही, तर नाकावर कडेलगत कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा; शस्त्रक्रियागृहात हे नित्याचे आहे. काचा सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता, हवेत वाळू दिल्या तर त्यांवर साबणाचा अतिशय पातळ थर राहतो. त्या थरामुळे पाण्याचे थेंब न होता ते सपाट पसरते आणि काच बराच वेळ स्वच्छ दिसते. टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी ऐकू नये. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी घातलेले कण असतात. दातावरचे कठीण आवरण त्यांना पुरून उरते, पण चष्म्याच्या काचेवरचा लेप उरत नाही.

वर निसटणारी हवा केवळ चष्म्याला नडते असेही नाही. ती दिवसभर डोळ्यांवरून वाहते, अश्रूंचा पातळ थर सुकवते, आणि मग संध्याकाळी डोळे चुरचुरतात. ज्यांना हा त्रास होतो ते डोळ्यांत घालायचे थेंब बदलत राहतात, पण नाकावरच्या तारेकडे त्यांचे लक्ष जात नाही.

आता गुदमरण्याविषयी. ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिला सर्वांत वाईट उत्तर मिळते: "ते सगळं मनाचं आहे." हे उत्तर मला आवडत नाही, कारण ते खोटेही आहे आणि निरुपयोगीही. नाकातून हवा किती आत येते आहे, हे आपल्याला मुख्यतः तिच्या गारव्यावरून कळते. नाकाच्या आतल्या त्वचेत थंडपणा ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोके असतात. बाहेरची गार हवा त्यांना स्पर्शून गेली की "श्वास मोकळा आहे" असे आपल्याला वाटते. मास्कच्या आतली हवा उबदार आणि दमट असते. ती पुरेशी असली तरी गार नसते, त्यामुळे ती अपुरी आहे असा निरोप मेंदूला जातो. मेंथॉलची गोळी चघळली की चोंदलेले नाक उघडल्याचा भास होतो, त्यामागेही हेच कारण असते. नाक तितकेच बंद असते, फक्त गारव्याची जाणीव जागी होते. हा भास माझ्या उपयोगी पडतो. लांबलचक कामाआधी मी साखर नसलेली पुदिन्याची गोळी तोंडात ठेवते. बाम किंवा तेल मास्कच्या आतून चोळण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये, कारण त्याने त्वचा जळजळते आणि मास्कचे कापडही निकामी होऊ शकते.

कार्बन डाय-ऑक्साइड आत कोंडून राहतो, ही भीतीही मला अनेकांनी बोलून दाखवली आहे. मास्कची जाळी ज्या कणांसाठी पारखली जाते, ते साधारण ०.३ मायक्रॉनचे असतात; एन-९५ मधला ९५ हा आकडा अशाच कणांपैकी किमान ९५ टक्के अडवण्याविषयीचा आहे. कार्बन डाय-ऑक्साइडचा रेणू त्यांच्यापेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. त्याला ही जाळी अडवू शकत नाही. मास्क आणि चेहरा यांच्यामधल्या पोकळीतली थोडी हवा आपण पुन्हा आत घेतो हे खरे, आणि एन-९५ मधून श्वास ओढायला साध्या मास्कपेक्षा जास्त जोर लागतो हेही खरे. निरोगी माणसाला बसल्या कामात ते सहज झेपते. ज्यांना दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे, त्यांनी कोणता मास्क वापरायचा हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चक्कर आल्यासारखे वाटले, तर शौर्य न दाखवता मोकळ्या जागी जाऊन मास्क काढावा.

योहान मिकुलिच हे शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर पट्टी बांधणाऱ्या पहिल्या शल्यवैद्यांपैकी एक होते. १८९७ साली त्यांनी लिहून ठेवले आहे की, रस्त्यावरून जाणारी स्त्री चेहऱ्यावरच्या जाळीतून जितक्या सहज श्वास घेते, तितक्याच सहज या पट्टीतून घेता येतो. त्यांची पट्टी गॉजच्या एका पदराची होती. आजच्या तीन पदरी मास्कबद्दल त्यांनी असेच लिहिले असते का, याची मला शंका आहे. त्यातही मास्क ओला झाला की श्वासाचा त्रास वाढतो, कारण कापडाच्या धाग्यांमधल्या जागा पाण्याने भरतात आणि हवेला वाट कमी उरते. तीन-चार तासांनी "आता असह्य होतंय" असे जे वाटते, तो पुष्कळदा ओलाव्याचा परिणाम असतो. कोरडा मास्क लावला की पाच मिनिटांत माणूस ताजातवाना होतो. मी सोबत नेहमी दोन-तीन मास्क जास्तीचे ठेवते, आणि घड्याळ पाहून नव्हे तर ओठांना ओल लागली की बदलते. धुवायचा असेल तर फक्त कापडी मास्क धुवावा, आणि त्यात साबणाचा अंश राहू देऊ नये. एन-९५ साबणाने किंवा स्पिरिटने कधीही धुऊ नये. त्याच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो, कण पकडण्याचे बरेचसे काम तोच करतो, आणि धुतल्यावर तो उतरतो. वरून मास्क नव्यासारखा दिसत असल्यामुळे आपण फसतो.

आता माझ्या व्यवसायातली गोष्ट. "मास्क लावायला लागल्यापासून तोंडाला वास येतो," असे सांगत येणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकांचा वास आधीपासूनच असतो. मास्क फक्त तो मालकाच्या नाकापर्यंत परत पोहोचवतो. जिभेच्या मागच्या भागावर जो पांढरट थर साचतो, त्यात राहणारे जिवाणू अन्नातल्या आणि लाळेतल्या प्रथिनांचे विघटन करतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू सोडतात. लाळ त्यांना सतत धुऊन काढत असते. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते ती उगीच नव्हे. पण मास्कच्या आत आपण नकळत तोंडाने श्वास घेऊ लागतो, मास्क काढायचा कंटाळा म्हणून पाणी कमी पितो, तोंड कोरडे पडते आणि जिवाणूंना रान मोकळे मिळते. यासाठी सुगंधी फवारे नकोत. सकाळी जीभ मागपर्यंत, उलटी होणार नाही इतपत, साफ करावी. दातांच्या फटी धाग्याने स्वच्छ कराव्यात. तासाभराने लोकांपासून दूर जाऊन मास्क काढून पाणी प्यावे. ओठ मिटून नाकाने श्वास घेण्याची आठवण स्वतःला करून द्यावी. दोन आठवडे हे सगळे करूनही वास राहिला, तर हिरड्या दाखवून घ्याव्यात. एका अर्थाने मास्कने माझ्याकडे असे काही रुग्ण पाठवले, जे एरवी आलेच नसते.

चष्म्याच्या काचेचे सांगून झाले; आता कानामागच्या काचाचे. इलॅस्टिकचा सगळा ताण कानाच्या मागच्या पातळ त्वचेवर येतो, तिथेच चष्म्याची दांडीही असते, आणि दुपारपर्यंत डोके दुखू लागते. ताण कानांवरून काढून डोक्यावर नेणे हाच यावर उपाय आहे. दोन्ही इलॅस्टिक मानेमागे जोडणारी हूकची पट्टी वापरावी, टोपीला किंवा केसांच्या पट्ट्याला बाजूंनी बटणे शिवून त्यांत ती अडकवावीत, किंवा सरळ नाड्या बांधायचा मास्क घ्यावा. मी नाड्यांचाच वापरते. बांधायला अर्धे मिनिट जास्त जाते, तेवढेच. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी तर इलॅस्टिकच्या वाटेला जाऊच नये, कारण मास्क काढताना त्यात अडकून यंत्र बाहेर येते आणि कुठे पडले ते कळतही नाही. मास्क घट्ट बसावा म्हणून इलॅस्टिकला गाठ मारण्याची युक्ती चांगली आहे, पण ती कानांवरचा ताण वाढवते. नाकाला बरे ते कानाला नकोसे, अशी ओढाताण इथे होते आणि प्रत्येकाला आपली तडजोड स्वतःच शोधावी लागते.

त्वचेबद्दल थोडक्यात सांगते. घर्षण, घाम आणि दमटपणा एकत्र आले की हनुवटीवर मुरुमे येतात. सौम्य साबणाने चेहरा धुवावा, मास्कच्या अर्धा तास आधी साधे मॉइश्चरायझर लावावे, आणि मास्कखालच्या भागावर मेकअप करू नये.

बोलण्याचा त्रास मात्र मला अजून पूर्ण सुटलेला नाही. मास्क आवाजातल्या उंच पट्टीच्या लहरी जास्त शोषतो. साध्या मास्कमुळे त्या तीन-चार डेसिबलने कमी होतात, एन-९५ मुळे बारा डेसिबलच्या आसपास. शब्द ओळखू येतात ते बरेचसे या उंच लहरींत असलेल्या व्यंजनांमुळे. स, श, च ही अक्षरे तर जवळजवळ त्यांचीच बनलेली असतात. त्यात ओठही दिसत नाहीत. एकदा एका आजोबांना मी "चूळ भरा" म्हणाले, तर ते घाबरून विचारते झाले, "मूळ? मूळ राहिलं का आत?" त्यांची दाढ काढून जेमतेम दोन मिनिटे झाली होती, त्यामुळे त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच दबलेली राहतात, आणि संध्याकाळी घसा बसतो तो वेगळाच. मी आता सावकाश बोलते, वाक्य लहान ठेवते, आणि न कळल्यास तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगते. "चूळ भरा" ऐवजी "या ग्लासातलं पाणी तोंडात घ्या" म्हटले, ग्लासाकडे बोट दाखवले, की काम होते. लहान मुले आली की आधी दारापाशी, अंतर राखून, मास्क काढून त्यांना चेहरा दाखवते आणि मग लावते. हसणे मात्र डोळ्यांतून पोहोचते. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवून दिले होते. म्हणजे मास्कमागून खोटे हसता येत नाही, ही माझ्यासारखीची थोडी अडचणच आहे.

राहता राहिली नाकाची खाज. हातमोजे घातलेले असतात, समोर रुग्ण तोंड उघडून बसलेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. यावर माझ्याकडे उपाय नाही. मी फक्त नाक मुरडते. मास्कच्या आड ते कोणाला दिसत नाही.